मामा बस्सानोला जेवले

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते 'बरं झालं.' बायको समोरच भाजी निवडत बसली होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्या क्षणी फोनमध्ये शिरून पलीकडून बाहेर पडता आलं असतं तर मी पडलो असतो. सख्ख्या मामाची बातमी, आणि भाचा म्हणतो बरं झालं! मी घाईघाईने सारवासारव केली, की म्हणजे त्रास न होता गेले ना, म्हणून म्हटलं. ते खरंही होतं. दुपारी नीट जेवले, हात धुतले, ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले, आणि चहाच्या वेळेला सून उठवायला गेली तर उठलेच नाहीत. अंथरुणाला खिळणं नाही, दवाखाना नाही, कुणाकडून करून घेणं नाही. पण माझ्या 'बरं झालं'मागे आणखी एक गोष्ट होती आणि ती भाजी निवडता निवडता सांगण्यासारखी नव्हती. हेच मामा तीन-चार वर्षांपूर्वी गेले असते तर मला सुटल्यासारखं मुळीच वाटलं नसतं. फार वाईट झालं असतं… एक गोष्ट तशीच अडकून राहिली असती.

मामा वडनेर भोलजीचे. भाजीपाला पिकवायचा आणि नांदुऱ्याच्या बाजारात आणायचा हा त्यांचा जन्माचा उद्योग. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हिवाळ्यात गोबी. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे जायचो आणि ते मला निंदायला वावरात न्यायचे. मी तणासोबत सांबारही उपटायचो. मामा मागून येत, उपटलेला सांबार उचलत आणि म्हणत, "काऊन बे, तुह्या बापानं तुले शाळेत कायले घातलं? हे बी ओळखू येत नाई!" पण दुपार झाली की पहिली भाकर माझ्या हातावर. मामांचा तो कडक नियम होता. त्यांच्या वावरात ज्याने हात मळवला, तो कितीही बिनकामाचा निघो, त्यांच्याकडे जेवल्याशिवाय घरी जाणार नाही. गावात इतरांच्या वावरात जाणारे मजूर आपापल्या भाकरी बांधून नेत, मामांकडे येणारे रिकाम्या हाताने येत.

मामा नियमांचे माणूस. अमावास्येला औत जुंपायचं नाही, तोडलेली भाजी पायाने सरकवायची नाही, आणि असे कितीतरी. त्यातला एक नियम मात्र त्यांचा एकट्याचा नव्हता, आमच्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांत तो अजून पाळतात. लेकीचं कन्यादान केलं की तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. दिलेल्या दानाचं परत खायचं नाही, असा त्यामागचा विचार. नातवंड झालं, की मग तो आजोबा म्हणून त्या घरात जेवायला मोकळा. एरवी यात फारसं काही बिघडत नाही. वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलतो आणि आजोबा पहिल्या जेवणाला पाच पुरणपोळ्या खाऊन मागची बाकी भरून काढतात.

मामांच्या मुलीचं, वैशालीचं, तसं झालं नाही. वैशाली अकोल्याला शेतकी शिकली, पुढे शिकायला इटलीत गेली आणि तिथेच एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. लुका नावाच्या तिथल्याच मुलाशी तिने लग्न ठरवलं. तेव्हा आम्ही सगळे नातेवाईक मामा काय म्हणतात म्हणून श्वास रोखून बसलो होतो. मामांनी लुकाला वडनेरला बोलावलं, वावरात नेलं, दोन तास उन्हात फिरवलं आणि संध्याकाळी सांगितलं, "पोट्ट्याले मिरचीचं रोप कसं धरतात ते समजते. करून टाका." लग्न मामांच्या अंगणात लागलं. कन्यादान मामांनीच केलं. लुका धोतर सावरता सावरता घामाघूम झाला होता… धोतर नेसवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्या घामाची थोडी जबाबदारी माझ्यावर येते.

पुढे वर्षं गेली. मामी गेल्या. वैशालीने डॉक्टर केले, उपचार केले, आणि एक दिवस फोनवर मामांना स्वच्छ सांगून टाकलं की आम्हाला मूल होणार नाही, आम्ही तो विषय आता संपवला. मामा म्हणाले, "बरं. तब्येत सांभाळ माय." वैशाली म्हणाली, "म्हणजे बाबा, तुम्ही माह्या घरी आता कधीच जेवणार नाही?" मी तेव्हा ओसरीत त्यांच्याशेजारीच बसलो होतो. मामांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. मग म्हणाले, "पाऊसपाणी कसं आहे तिकडं?"

त्यानंतर तिने हट्टच धरला की एकदा या, घर बघून जा. मामा टाळत राहिले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "जेवू नका. नुसते या." यावर मामा निघायला तयार झाले. सोबतीला कोण, तर मी. नांदुऱ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो, हे त्याचं कारण. सगळ्या घराण्याला तेव्हा असं वाटत होतं की इंग्रजी येतं म्हणजे जगात कुठेही चालतं. मलाही वाटत होतं. तिथे उतरल्यावर कळलं, की त्या गावात माझ्या इंग्रजीला मामांच्या वऱ्हाडीपेक्षा जास्त किंमत नव्हती. उलट मामांचं काम हातवाऱ्यांनी माझ्यापेक्षा लवकर व्हायचं. मामांच्या बॅगेत कपडे थोडे आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सातूचं पीठ, गूळ, फुटाणे भरपूर. मी म्हटलं, "मामा, आपण इटलीला चाललो, का दुष्काळात?" ते म्हणाले, "तुले काय, तू तर जेवशीन तिच्या घरी. तू कुठं बाप आहे?"

वैशालीचं गाव बस्सानो. ब्रेन्ता नावाच्या नदीच्या काठावर वसलेलं जुनं, लहानसं गाव. नदीवर लाकडी पूल, आणि त्या पुलाला घराला असावं तसं छप्पर. खाली पाणी असं खळाळतं की पुलावर उभं राहून बोलायला आवाज चढवावा लागतो. मागे डोंगर. संग्रामपूरकडून सातपुडा कसा दिसतो, अगदी तसेच ते एकाएकी उभे राहिलेले, फक्त दूरच्यांच्या डोक्यावर मे महिन्यातही थोडा बर्फ. गल्ल्या दगडी, घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा, चौकाचौकात दगडी नळ, त्यांच्यातून सारखं गार पाणी वाहत असतं आणि कुणीही येऊन प्यावं. मी पुलावर उभा राहून फोटो काढण्यात गुंग. मामा कठड्याला टेकून नदीचे दोन्ही काठ निरखत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, पाण्याच्या मोटरी कुठं बसवल्या आहेत ह्यायनं?"

वैशालीचं घर पुलापासून जवळच, दुसऱ्या मजल्यावर. घरात शिरल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. पितळी तांब्या, तिने इकडूनच नेलेला. मामांनी त्याला हात लावून नमस्कार केला आणि तो बाजूला ठेवला. मी पाणी प्यायलो. मी त्या घरात पहिल्या दिवसापासून सगळं प्यायलो आणि सगळं खाल्लं. मामेबहिणीच्या घरी जेवायला मला कुठलाच नियम आडवा येत नव्हता, आणि आला असता तरी मी त्याला वळसा घालून पानावर बसलो असतो. मामा त्या घरात झोपायचे, उठायचे, लुकाला खुर्ची दुरुस्त करायला मदत करायचे. जेवणवेळ झाली की डब्यातला धपाटा घेऊन खाली चौकात जायचे. नळाच्या दगडी पायरीवर बसायचे, वाटीत सातूचं पीठ, गूळ आणि नळाचं पाणी कालवायचे आणि शांतपणे खायचे. धोतर, सदरा, पांढरी टोपी. वरून चौकाकडच्या खिडकीतून आम्ही जेवताना ते दिसायचे. वैशाली त्या खिडकीकडे बघायची नाही. लुका मात्र सारखा बघायचा आणि मग हातातला काटा खाली ठेवायचा. त्याला नियम समजावून सांगितला होता, आणि तो समजलाही होता. पण समजणं वेगळं आणि सासरा खाली पायरीवर बसलेला असताना वर जेवणं वेगळं.

मग व्हायचं ते झालं. समोरच्या घरात एक म्हातारी बाई राहायची, लुकाला लहानपणापासून ओळखणारी. तिने हा प्रकार रोज पाहिला आणि त्याचा अर्थ कुठल्याही गावातल्या कुठल्याही म्हातारीने लावला असता तोच लावला. एका दुपारी ती झाकलेलं भांडं घेऊन जिना चढून आली. दार वैशालीने उघडलं. म्हातारी रागाने लाल झाली होती. ती इटालियनमध्ये जे बोलली त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, आणि तरी सगळं कळलं. इतक्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या बापाला ही पोरगी घराबाहेर बसवते, जेवू घालत नाही, नळाचं पाणी प्यायला लावते! भांडं टेबलावर आपटून ती निघून गेली. आत गरम सूप होतं. एवढ्यात मामा रिकामी वाटी घेऊन वर आले.

वैशाली दारातच उभी होती. "बसा आता," ती म्हणाली. "साऱ्या गावानं पाहिलं. आन् हे सूप तुमच्यासाठी आलं आहे. हे चालते तुम्हाले? शेजारणीचं चालते, नळाचं चालते, विमानातलं चाललं. माह्याच हातचं नाही चालत."

"वैशे, तसं नाई व…"

"तसंच आहे बाबा. तुम्ही म्हणत नाही, पण मले ऐकू येते. रोज तीनदा ऐकू येते. पोरगं नाही झालं, म्हणून पाणी नाही."

मामा उभेच राहिले. हातातल्या वाटीकडे बघत. मी नेमका तेव्हा तोंडात घास घेऊन बसलो होतो. तो गिळायचा की तसाच ठेवायचा हे मला कळेना. लुका उठला आणि त्याने मामांच्या हातातून वाटी घेतली, धुतली, पुसली आणि परत दिली. ते सूप कुणीच प्यायलं नाही. (खोटं कशाला बोलू, नंतर मीच प्यायलो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा लवकर तयार होऊन बसले. वैशालीला म्हणाले, "तुह्याजवळ वावर आहे म्हणत होती ना, नदीच्या काठी? दाखव." वावर म्हणजे काय, तर तिथल्या नगरपालिकेने गावातल्या लोकांना भाजीपाल्यासाठी नदीकाठी दिलेले लहान लहान तुकडे. त्यातला एक वैशालीकडे होता. आमच्या घरामागच्या अंगणाएवढा. ती काही न बोलता आम्हाला घेऊन गेली. तिथे मामांनी पाठवलेल्या बियाण्याची मिरची लागलेली, मेथीचे दोन वाफे, वांग्याची रोपं, आणि एका कडेला तिकडची पांढरी शतावरी, जिचे कोंब मातीच्या ढिगाखाली झाकून वाढवतात आणि भाजी म्हणून खातात. आमच्या येण्याच्या गडबडीत तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं. तण माजलं होतं.

मामांनी धोतराचा काचा मारला, टोपी काढून कुंपणाच्या खुंटीवर ठेवली आणि बसले निंदायला. "बाबा, राहू द्या," वैशाली म्हणाली. "तू पाणी सोड," मामा म्हणाले. मलाही एक खुरपं देण्यात आलं. पन्नाशी ओलांडली तरी मी तोच होतो… थोड्याच वेळात मामांचा आवाज आला, "मास्तर! ती शतावरी आहे!" मला मग दगड वेचायच्या कामावर लावलं. मामा वाफ्यामागून वाफा सरकत होते. मिरचीला भर घातली, मेथीला पाण्याचा दंड काढून दिला, वांग्याच्या बुडाशी माती ओढली. शेजारच्या तुकड्यातला एक म्हातारा त्याचं काम सोडून कुंपणाशी उभा राहिला. मामांनी त्याला हाताने 'काय बघतो' असं विचारलं, त्याने हाताने 'छान' असं सांगितलं, आणि मग दोघांनी डोंगराकडे बघून हवामानावर खूप वेळ चर्चा केली. एकही शब्द न वापरता. मी इंग्रजीत दोन वाक्यं मदतीला म्हणून टाकली, दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

सूर्य डोक्यावर आला. नदीकडून वारा येत होता तरी मामांचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटची सरी झाली तेव्हा ते उठले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले, नळीच्या पाण्याने हातपाय धुतले, टोपी घातली आणि वैशालीसमोर जाऊन उभे राहिले.

"हं, मालकीणबाई," ते म्हणाले. "काम झालं. मजुराले जेवाले घालते का तसाच लावते वाटेला?"

मला ते लगेच समजलं नाही, मी सवयीने हसलो. वैशालीला समजलं. मामांच्या वावरात वाढलेली मुलगी ती, हात मळवलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही हे तिने जन्मापासून पाहिलेलं. तिच्या हातातून नळी सुटली आणि पाणी तिच्याच पायावर वाहत राहिलं. "घालते ना," ती म्हणाली. मामा म्हणाले, "मंग चाल लवकर. भूक लागली. आन् नळ बंद कर, पाणी वाया चाललं."

घरी गेलो तर स्वयंपाक काही नव्हता. लुकाने त्याच्यापुरती पोलेन्ता करून ठेवली होती, मक्याच्या पिठाची घट्टशी, गरम. वैशालीने तीच ताटात वाढली, वर तूप सोडलं, बाजूला मिरचीचा ठेचा. आणि तो पितळी तांब्या. तिने पेल्यात काठोकाठ पाणी ओतलं. मामांनी आधी पेला उचलला. आम्ही तिघं बघत होतो. मी आयुष्यात अनेकांना पाणी पिताना पाहिलं आहे, पण असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पेला रिकामा केला आणि पुढे सरकवला. "आणखी दे," म्हणाले. मग पोलेन्ताचा एक घास घेतला, चावला, विचार केला. "ह्या तं कण्या आहेत बापा. जवारीच्या जागी मका, एवढाच फरक." लुकाला वैशालीने त्याचा अर्थ सांगितला. तो उठला आणि त्याने मामांच्या ताटात पुन्हा पोलेन्ता वाढली. त्यांनी नको म्हटलं, त्याने वाढली, त्यांनी ताटावर हात धरला, त्याने बोटांच्या मधून वाढली. आग्रह कसा करायचा हे त्याला वडनेरला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. वैशाली ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि बराच वेळ एकच भांडं पुसत होती.

संध्याकाळी मी आणि मामा पुलावर गेलो. माझ्या पोटात काही राहत नाही, मी विचारलंच. "मामा, शेवटी नियम मोडलाच ना?"

"मोडला कुठं बे? पाव्हणा म्हणून जेवलो काय मी? बाप म्हणून जेवलो? मजूर होतो. मजुराच्या जेवणाले आधी नातू लागते, असं सांगतलं काय कोणी?" मग नदीच्या खळाळावर आवाज चढवून म्हणाले, "तिले दुखून राह्यलं, हे काय मले दिसत नव्हतं? मले रस्ताच सापडून नव्हता राह्यला गड्या… ते सूपवाली बुढी आली, बरं झालं."

राहिलेल्या दिवसांत मामा रोज सकाळी वावरात गेले आणि रोज दुपारी हक्काने जेवले. मजुरीत कुठे खंड नको म्हणून एका पावसाच्या दिवशीही छत्री घेऊन गेले, चार काड्या उपटल्या आणि परत येऊन पानावर बसले. धपाटे उरले. ते समोरच्या म्हातारीला दिले. तिने एक खाल्ला, पाणी प्यायली, आणि नंतर खिडकीतून मामांना हात करायला लागली.

आता मामा नाहीत. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तेव्हा आम्ही नीट मागेही सरकलो नव्हतो तोच कावळा शिवला. एरवी लोक कावळ्याची वाट बघत उभे राहतात, जाणाऱ्याची काय इच्छा राहिली म्हणून एकेक वचन देत बसतात. इथे वचन द्यायला कुणाला सवडच मिळाली नाही. माझ्या मनात तेच फोनवरचं 'बरं झालं' पुन्हा आलं, पण या वेळी मी ते तोंडातून निघू दिलं नाही.

वैशाली तेरवीला पोचली होती. विमानाच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे नांदुऱ्याला आली. गाडीला वेळ होता. मी तिला धीर द्यावा म्हणून काहीबाही बोलत होतो, मास्तरकीची सवय. तिने ते थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, मी ठीक आहे. खरंच. बाबा माह्या घरी जेवले नसते, तर आता तिकडं जाऊन मी त्यायले कुठं पाहिलं असतं? साऱ्या घरात त्यायची एक जागा नसती." मला गप्प बसलेलं पाहून बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

"माह्या टेबलाशी एक खुर्ची आहे," वैशाली म्हणाली, "नदीकडं पाठ केलेली. टेबल नदीकडच्या खिडकीशी आहे ना, सारे पाव्हणे नदीकडं तोंड करून बसतात. बाबा जेवायला बसले की खुर्ची टेबलाच्या पल्याड नेऊन उलटी करायचे, ओट्याकडं तोंड. म्हणायचे, एवढं पाणी फुकट वाहून चाललेलं पाहत माह्या घशाखाली घास उतरत नाई. तवापासून ती तशीच आहे. लुका म्हणतो, सरळ करू, तिथून नदी चांगली दिसते." ती हसली, डोळे पुसले. "मी म्हणते, राहू दे. त्या खुर्चीवरून मी दिसते."